झोपेचं तेल

आषाढ वद्य १२, शके १८६६. तुळजापूर

आज थोरल्या भावाच्या, अण्णाच्या धान्याच्या अडतीत, भर गिऱ्हाइकांत मी माप खाली ठेवलं आणि म्हणालो, "उद्यापास्नं म्या ज्वारी मोजणार न्हाय. सुगंधी तेलाचं दुकान टाकणार हाय."

हमाल हसले. समोरचा रेवणप्पा पानवाला तर दुकानातून उतरून हसायला आला. हसू देत. गेल्या साली नवरात्राच्या आधी, देवळातली आई निद्रेला पलंगावर गेली तेव्हाची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या दिवसांत आईच्या अंगाला सुगंधी तेल लागतं, म्हणून गावोगावची माणसं येताना कुप्या आणतात, नाहीतर इथंच घेतात. बेंबळीची एक बाई चालत आली होती. तिने महाद्वारापाशी तेल घेतलं, बूच काढलं, तर घासलेटाचा वास. ती पायरीवर बसून रडली. मी तेव्हाच ठरवलं होतं. बोलायला मात्र वर्ष लागलं.

वीरप्पाअण्णा माणूस वाईट नाही. पण त्याला आवाज न चढवता बोलता येतं आणि मला येत नाही, म्हणून दर भांडणात तोच शहाणा ठरतो. तो म्हणाला, "शांतलिंग, तुला अत्तर आन् एरंडेल यातला फरक तरी कळतो का?"

"कळतो की," म्हणालो आणि चिमूटभर तपकीर ओढली. राग आला की मला तपकीर लागते. राग नसला तरी लागते.

"बरं. दसऱ्यापर्यंत बघू. चाललं तर तुझं तू राजा. न्हाय चाललं तर परत माप हातात घ्यायचं, आन् मग म्या म्हणंल ते सगळं ऐकायचं."

सगळं म्हणजे काय ते मला बरोबर कळलं. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पाळणा हलला नाही. अण्णाने दोनदा दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली आणि दोनदा मी ताटावरून उठलो. आज तो म्हणाला आणि मी चारचौघांत "कबूल" म्हणून बसलो. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

बायकोला, शिवगंगाला, दुकानाचं सांगितलं. पैजेचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "बरं केलं. रोज धान्याची धूळ घिऊन येत व्हता घरात."

श्रावण शुद्ध ४

सोलापूरला जाऊन आलो. अत्तराच्या दुकानात बसलो तर त्या माणसाने माझ्यापुढे जणू इंद्रधनुष्यच मांडलं. लाल तो गुलाब, हिरवा तो केवडा, पिवळा तो चाफा. मी रंग बघून घेत गेलो. लाल जितका गडद तितका गुलाब खरा, असा माझा हिशोब. तो माणूस फार अदबीने बोलत होता.

घरी आल्यावर बानूबाईला बोलावलं. ही आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. घरोघर अत्तर, सुरमा, दातांची मिस्सी विकते. नवरा होता तोवर तो हैदराबादेहून माल आणायचा. तिने लाल कुपीचं बूच काढलं, नाकाजवळ नेलं आणि लगेच लावून टाकलं.

"हे काय आणलं अप्पा? कपडे धुवायला?"

मी म्हणालो, गुलाब आहे.

"गुलाबानं कधी ह्याचं तोंड बी पाह्यलं नसंल." मग माझ्या हातातल्या तपकिरीच्या डबीकडे बघून ती जी हसली ते गल्लीभर ऐकू गेलं असेल. "अल्ला! नाकात तपकीर भरून अत्तर घ्यायला निघाले! आंधळा गेला आरसा घ्यायला!"

मला राग आला. पण विचारलं, की मग घ्यायचं कसं? ती म्हणाली, अत्तराला संध्याकाळी भेटायचं आणि सकाळी विचारायचं. कापसाच्या फायाला थेंब लावून ठेवायचा. वाईट माल दारातच गळ्यात पडतो आणि सकाळपर्यंत पळून जातो. चांगला माल आधी गप्प असतो, सकाळी बोलतो.

सगळ्या कुप्यांचे फाये करून पाटावर ठेवले आहेत.

श्रावण शुद्ध ५

सकाळी सगळे फाये हुंगले. सगळ्यांना तपकिरीचा वास.

तपकीर सोडली.

श्रावण शुद्ध ६

तपकीर धरली. काल दिवसभर डोकं भणभणत होतं आणि मी जन्मदात्या अव्वावर ओरडलो. एवढ्या उपकारी वस्तूला घराबाहेर काढणं बरं नाही.

श्रावण शुद्ध ९

युक्ती सापडली. मी मांडतो आणि शिवगंगा हुंगते. नाक तिचं, डोकं माझं.

सोलापूरचा माल गटारात गेला. आता बानूबाईकडून एकेक अत्तर थोडं थोडं आणलं आहे. संध्याकाळी फाये लावून पाटावर ओळीने ठेवतो, सकाळी शिवगंगा अंघोळ करून, विभूती लावून पाटासमोर बसते. डोळे मिटते. मी एकेक फाया पुढे करतो.

"मोगरा. चांगला हाय, पर बडबड्या हाय."

"केवडा. ह्यो भांडकुदळ. तुमच्यासारका."

"हिना." मग तिने माझा हात पुन्हा नाकाशी ओढला. "ह्यो म्हाताऱ्या मानसावानी हाय. उशिरा बोलतो, पर खरं बोलतो."

हिना पहिला, मोगरा दुसरा, असं ठरलं. मधेच ती हसायला लागली आणि मीही हसलो. अव्वा जपाला बसली होती, ती आतून म्हणाली, "सुम्नीर, सुम्नीर! गप ऱ्हावा की रे!" पण तिच्या आवाजात राग नव्हता. आमच्या घरात सकाळी कोणी हसल्याला फार दिवस झाले होते. मला एकदम पैज आठवली आणि मी फाये आवरायला लागलो.

श्रावण वद्य ३

घोटाळा. आज हिन्याचा फाया पुढे केला आणि शिवगंगा तोंडाला पदर लावून परसात पळाली. उलटी झाली. परत आली ती पांढरी पडलेली. मी म्हणालो, हाच हिना त्या दिवशी तुला आवडला होता. ती म्हणाली, "आज न्हाय. मोगरा बी नगं. केवडा तर दारात बी आणू नगा."

म्हणजे बानूबाईने माल बदलला! मला हसून हसून, शेवटी हातचलाखी केलीच.

तडक तिच्याकडे गेलो आणि बाहेरूनच म्हणालो, "तुझा हिना सडका हाय."

ती उसळून बाहेर आली. "माझा हिना? नाकानं कांदे सोलता काय? कोण म्हनतं?"

"शिवगंगा. तिला वासानं उलटी झाली."

बानूबाईचा आवाज एकदम खाली आला. "एकदाच?"

"काल बी झाली. परवा बी."

"आन् काय नको वाटतं तिला?"

मी सांगितलं: फोडणी. कांदा. कढत दूध. माझी तपकीर. बानूबाई माझ्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडावर धरून आत गेली. तिचे खांदे हलत होते. तिला लाज वाटली असणार. बाहेर आली ती एक लहान कुपी घेऊन. "हिना ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. ह्यो वाळा न्या. ह्यो चालंल तिला."

दाम घ्यायलाही तयार नव्हती. बानूबाईला भांडणात हरवणारा गावातला मी पहिला माणूस असेन.

श्रावण वद्य ४

वाळा पास! शिवगंगाने फाया नाकाशी धरला तो सोडेचना. "पाण्याच्या रांजणापाशी बसल्यावानी वाटतंय," म्हणाली. कानाच्या पाळीत खोचून दिवसभर फिरत होती. भाकरीही नीट खाल्ली.

श्रावण वद्य ८

रोज नवं अत्तर आणतो आणि रोज नापास होतं. गुलाब नापास, चमेली नापास, चंदन कसंबसं. वाळा एकटा टिकला. तिचं नाक इतकं तयार झालं आहे की आता मी चौकात तपकीर ओढली तरी घरात शिंक्याखाली बसून तिला कळतं. सरावाने माणूस कुठल्या कुठे जातो.

अव्वाचा स्वभाव मात्र म्हातारपणी बदलत चालला आहे. काल शिवगंगा घागर उचलायला गेली तर अव्वाने तिच्या हातातून काढून माझ्या हातात दिली. मी पाण्याला जावं? मी काही बोलणार तोच म्हणाली, "सुम्नीर. जा." शिवाय तिने जुन्या चिंचेचा गोळा काढून सुनेपुढे ठेवला. हीच अव्वा मला चिंच खाऊ देत नाही, म्हणते खोकला होतो.

श्रावण वद्य १२

ठरलं. फक्त वाळ्याचं तेल करायचं. नुसतं अत्तर अंगाला चोळता येत नाही, ते तिळाच्या तेलात मुरवायचं. तीळ अण्णाच्या अडतीतच चांगला मिळतो, म्हणून जावं लागलं. रेवणप्पा तिथंच होता. म्हणाला, "वाळा? भाद्रपदात? अप्पा, वाळा म्हंजे उन्हाळ्यातली गोष्ट. समदी बाजारपेठ गुलाब विकणार आन् तुमी मुळ्या विकणार!"

अण्णाने स्वतः उठून तीळ निवडून दिला. तो गप्प असला की मला जास्त भीती वाटते.

भाद्रपद शुद्ध ५

वाळ्याचं अत्तर बानूबाईने सांगितलेल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडून सोलापुरातून आणलं. येताना तामलवाडीच्या अलीकडे सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकातीसाठी अडवलं. नाकेदाराने बूच काढायला लावलं. दाढीला थोडं लावून बघितलं आणि उगीच बांधावरच्या गवताकडे बघत उभा राहिला.

"खस है ना? हमारी अम्मा सुराही में डालती थीं," म्हणाला. जकातीची पावती फाडून दिली आणि वर चहा पाजला. नाक्यावर चहा पिऊन आलेला मी पहिलाच असेन. मला हुरूप आला.

भाद्रपद शुद्ध १२

लिहवत नाही, पण लिहितो.

घाण्यावर तिळाचं तेल काढून आणलं, मोठ्या पितळी घंगाळात ओतलं, अत्तर घातलं. आज ढवळत होतो. डाव्या हाताने तपकीर ओढली आणि वाकलो असतानाच शिंक आली. डबी हातातून सुटली नाही, पण उघडी होती.

मी घाईने वरवरची तपकीर पळीने काढून टाकली. तेल स्वच्छ दिसत होतं. मला तर काही वास येत नव्हता. शिवगंगा माजघरातून बाहेर आली, उंबऱ्यातच थांबली. "ह्यात तपकीर हाय."

"कणभर."

"हे विकायचं न्हाय."

"अगं, कुणाला कळतंय!"

"मला कळतंय. आईच्या अंगाला लागायचं हाय हे."

मी ओरडलो. इतकं ओरडलो की अव्वा जप सोडून आली. "दसरा तोंडावर आलाय! काय पणाला लागलंय ठाव हाय का तुला?"

"ठाव हाय," ती म्हणाली. "वैनींनी त्याच दिशी सांगितलं मला. तुमी 'कबूल' म्हणला ते बी."

गेला सबंध महिना रोज सकाळी ती पाटासमोर डोळे मिटून बसत होती, ते हे माहीत असून. कोणावर रागावली नाही, मला एक शब्द बोलली नाही. मी तिच्यासमोर उभा होतो आणि मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

घंगाळ उचललं आणि सगळं तेल दिव्यांसाठी मठात नेऊन दिलं. वाटेत उकिरडा लागतो. डबी त्यात भिरकावली. चांदीची होती, वडलांची होती. मागे वळून बघितलं नाही.

भाद्रपद शुद्ध १३

पुन्हा तीळ मागायला गेलो. अण्णाने विचारलं, पहिल्याचं काय झालं? मी खरं सांगितलं. हमाल हसले, पण अण्णा हसला नाही. माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "डबी कुठं हाय?"

"टाकली."

त्याने मान हलवली आणि तीळ दिला.

भाद्रपद वद्य २

नवं तेल मुरतंय. माझं डोकं फुटतंय, नाक वाहतंय, हात थरथरतात. अव्वा म्हणते, लहान पोराला अंगावरचं दूध तोडताना असंच होतं. हल्ली तिला पोरांच्याच गोष्टी सुचतात.

भाद्रपद वद्य ८

आज आई सिंहासनावरून पलंगावर गेली. महाद्वाराच्या उतारावर मी मांडव टाकला, कुप्या लावल्या. दोन्ही बाजूंना गुलाब, मोगरा, केवडा. माझ्याकडे नुसता वाळा.

"गुलाब हाय का?"

"न्हाय."

"मोगरा?"

"न्हाय."

लोक पुढे जातात. दिवसभरात एक कुपी गेली, तीही बानूबाईने घेतली. मी म्हणालो, दया नको. ती म्हणाली, "दया कशाची? मला झोप येत न्हाय म्हनून घेते."

भाद्रपद वद्य ९

कालच्यासारखंच. ऊन मात्र असं की दगडाला हात लावता येत नाही. संध्याकाळी रेवणप्पा पान लावून घेऊन आला आणि म्हणाला, "वीरप्पाअण्णांना सांगू का माप पुसून ठेवा म्हनून?" मी पान परत केलं. शिवगंगाने कुप्या पुसून आवरल्या. घरी जाताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

भाद्रपद वद्य १०

काय दिवस उगवला आज!

दुपारी रांग महाद्वाराबाहेर आली होती. ऊन डोक्यावर, माणसाला माणूस चिकटलेलं, आणि ज्याच्या त्याच्या हातात गुलाब-मोगऱ्याच्या कुप्या, निम्म्या उघड्या. तो वास मला येत नव्हता, पण शिवगंगा दोनदा मांडवामागे जाऊन आली. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी खाली बसली. आळंद भागातली, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. डोळे पांढरे झाले. लोक "वारा सोडा, वारा सोडा" म्हणत आणखी जवळ येत होते.

शिवगंगा धावली. कानातला वाळ्याचा फाया काढून तिच्या नाकाशी धरला, थोडं तेल टाळूला चोळलं. म्हातारीने डोळे उघडले आणि हात धरून म्हणाली, "लावंच! हे लावंच हाय ना? कुठनं आणलंस माय?" त्यांच्याकडे वाळ्याला लावंच म्हणतात. मग उठून बसली आणि ज्या खणखणीत आवाजात बोलली तो रांगेच्या शेवटापर्यंत गेला असेल:

"अगं बायांनो, निजलेल्या मानसाच्या उशाला मोगरा ठिवता काय? डोकं उठतंय तेनं! आई निजलीया. तिला थंड पायजे. हे झोपेचं तेल हाय, हे न्या!"

तिने एक कुपी घेतली. तिच्यामागच्या बाईने दोन घेतल्या. मग मला काही दिसेनासं झालं, नुसते हात दिसत होते. "झोपेचं तेल द्या हो, अप्पा!" बार्शीचे, निलंग्याचे, कुठले कुठले. एक भोपे पुजारी स्वतः देवळातून आले आणि उद्यासाठी ठेवायला सांगून गेले. अव्वा कुप्या भरत होती, शिवगंगा देत होती आणि मी नुसता "सावकाश, सावकाश" ओरडत होतो. शेजारचा गुलाबवाला येऊन हळूच म्हणाला, "थोडा माल आम्हाला बी द्या." मी दिला. आज मला कोणाचा राग येत नव्हता.

भाद्रपद अमावास्या

घंगाळाचा तळ कालच दिसला. आज दिवसभर लोकांना नाही म्हणून सांगत होतो. बेंबळीची ती बाईही आली होती, गेल्या सालची. तिच्यासाठी एक कुपी मी पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवली होती. तिने बूच काढलं, वास घेतला आणि कुपी डोळ्यांना लावली. मी तोंड फिरवून कुप्या आवरत बसलो.

दसरा

सोनं लुटून अण्णा घरी आला. बरोबर वैनी, हमाल, आणि रेवणप्पाही. मी दारातच उभा राहिलो. आज आवाज न चढवता बोलायचं ठरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा जमलं.

"अण्णा, चाललं का न्हाय चाललं?"

"चाललं," अण्णा म्हणाला. "माझ्या तिळाला असा वास येतो हे मला बी ठाव नव्हतं. तुझ्या मांडवात माझ्यासाठी एक कुपी ऱ्हायली न्हाय, रेवणप्पाला इचार, म्या दोनदा माणूस धाडला."

"मग आता माझं एक ऐकायचं. ती लग्नाची गोष्ट ह्या घरात पुन्यांदा काढायची न्हाय. तिसऱ्यांदा म्या ताटावरनं उठणार न्हाय, घरातनं उठंन."

अण्णाने खाली बघितलं. तेवढ्यात अव्वा आपट्याची पानं घेऊन पुढे झाली आणि त्याच्या हातावर ठेवत म्हणाली, "वीरप्पा, काढायची कशाला? तू आता येक कर. फाल्गुनात पाळण्याला दोरी लागंल. चांगली सुताची आण, बळकट."

मी विचारलं, "कुणाच्या पाळण्याला?"

आधी वैनी हसली. मग अण्णा, मग हमाल, मग रेवणप्पाने भिंतीला हात लावून बसकण मारली. अव्वा म्हणाली, "तीन महिनं भरल्याबिगार बोलू न्हाई, म्हनून गप व्हते. गावातल्या समद्या बायांनी वळखलं. येक तू सोडून!"

अण्णा माझ्याजवळ आला. सोनं दिलं, आणि पायाशी वाकलेल्या मला उठवून, लहानपणी धरायचा तसं धरलं. त्याचे डोळे भरले होते. मी तर उघड उघड रडलो. शिवगंगा दाराआड होती, तिला बघायचं तरी धाडस कुठून आणू?

आश्विन शुद्ध १४

आज सकाळी जागा झालो तर घरात कसला तरी वास येत होता. ओलसर, गारवा असलेला. मी उठून त्याच्यामागे माजघरात गेलो. शिवगंगा चुलीपाशी होती, तिच्या कानात फाया होता.

म्हणजे एवढा माल मी विकला आणि त्याचा वास मला आज आला! खरंच रांजणापाशी बसल्यासारखं वाटतं. मी तिला तसं सांगितलं.

"आत्ता कळलं व्हय?" ती म्हणाली. चुलीवर कांद्याची फोडणी होती आणि ती मजेत ढवळत होती. आता तिला सगळं चालतं. बानूबाईने काल दिलेला हिनाही तिने हुंगून बघितला म्हणे, पहिल्यासारखाच छान आहे.

मी म्हणालो, काही असो, तुझ्या नाकाने घर वाचवलं.

तिने पोटावर पदर सारखा केला. "माझं नाक कुठलं? माझं असतं तर म्या हिना घ्या म्हणले असते. ज्याला वाळा पायजे व्हता, त्येचं नाक व्हतं ते. पोटात असतानाच बापाच्या धंद्याला लागलंय."

उद्या सकाळीच बानूबाईकडे जायचं आहे. त्या हिन्याची माफी मागायची आहे.